दारावरचा खडू

दोंडाईच्याच्या लॅबमध्ये, वीज येत-जात असताना,
गिरासे सरांनी फळ्यावर चार चौकोन आखले
आणि त्या चारांनाच मिळून तीन नावं दिली:
इंट, फ्लोट, कॅर.

"स्ट्रक्चर म्हणजे मिसळणाचा डबा,
हळदीची वाटी हळदीला, मोहरीची मोहरीला.
युनियन म्हणजे एकच वाटी.
शेवटी जे टाकाल तेवढंच खरं."

मी फ्लोट म्हणून एक टाकला. फक्त एक.
इंट म्हणून मागितला तर पडद्यावर
एकशे सहा कोटी त्रेपन्न लाख
त्रेपन्न हजार दोनशे सोळा.
मागच्या बाकावर हशा. "सर, मशीन येडं झायं!"
सर म्हणाले, मशीन शहाणं आहे.
आत तेच बत्तीस बिट आहेत,
तू हाक दुसऱ्याच्या नावानं मारलीस.

स्टेशनमागे आमची पत्र्याची कोठी आहे.
वाळली मिरची वजनाला हलकी, जागेला आडमाप;
तिच्याच मापानं बाबांनी भिंती घातल्या.
मिरची गेली की हरभरा,
आणि वैशाखात कोणाचं तरी वऱ्हाड तिथंच झोपतं,
रात्रभर शिंकतं.
कारण हरभऱ्यानं अर्धीच कोठी भरते,
उरलेल्या कोपऱ्यांत
मागची मिरची तशीच असते.
(एक कॅर लिहा, बाकीचे तीन बाइट बघा.)

कोठीला काही आठवत नाही.
आठवायचं ते माय आठवायची.
दारावर खडूनं एक शब्द,
माल बदलला की पदरानं पुसून दुसरा.
"आठे काय भरेल शे, ते माले इचार."

एका वर्षी ती शहाद्याला गेली, अकरा दिवस.
मधल्या काळात हरभरा निघाला, मिरची आली.
दारावर हरभराच.
लोटनमामांनी अंधारात पोत्यात
कोपरापर्यंत हात घातला,
मग घाम आला म्हणून डोळे पुसले.
रात्रभर ते हौदाशी बसले होते
आणि कोणालाच शिव्या देत नव्हते,
त्याचंच मला भय वाटलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, फायदा?
जागा वाचते.
तोटा?
मी म्हटलं, कोणीतरी घरी असावं लागतं.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं,
बहुतेक शून्य.

आता मी युनियनच्या बाहेर, शेजारी,
एक छोटा इंट ठेवते.
शून्य म्हणजे हे, एक म्हणजे ते.
माल बदलला की आधी तो बदलते.
गिरासे सर माझ्या खांद्यावरून वाचत होते:
"के, एच, ए, डी, यू... खडू?
हे कसलं नाव गं?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि ओढणीतून कुठून तरी
मागच्या हंगामाची शिंक आली.