कोकमाच्या चार वाट्या

दिवाळे गावातली खोली, एकदारी फ्रीज.
वरच्या खणात कोलंबी, मांदेली,
आणि त्यांना सरकवून
कोकमाच्या चार वाट्या.

काड्या गेल्या उन्हाळ्यातल्या, उकळून घेतलेल्या.
पूर्वेशची वाटी तिरकी,
कारण ती त्यानेच ठेवली.

"झालं?"
दर पाच मिनिटांनी दार,
दर पाच मिनिटांनी गार वाफ
दोघांच्या नाकांवर.
मी ओरडत नाही, हिशेब करते:
साखर, चिमूटभर मीठ, घरचं आगळ.
नऊ रुपये, फार तर दहा.

संध्याकाळी काडी ओढली
तर नुसती काडीच आली.
खाली लालभडक चिखल.

चमच्यांनी खाल्ला, उभ्या उभ्या.
धाकटी हिरल आरशात जीभ बघून आली,
म्हणाली,
"थोडी मांदेलीची चव लागते गं.
उद्या पण तशीच कर."