वाटा

बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजता मोजता
पाठकोऱ्या पावत्यांवर लिहिलं.
रात्री भावाच्या फोनवर उतरवून
पाठवून दिलं. मोबदला मिळतो म्हणाले होते,
किती, ते म्हणाले नव्हते.

अकराव्या दिवशी आला. सतरा रुपये.

मांदेलीचा वाटासुद्धा येत नाही एवढ्यात.
तरी ओढणीत फोन गुंडाळून धावले
हर्णैच्या बंदरावर,
जिच्यावर लिहिलं होतं तिच्याकडे.

अनसूयाकाकी बांगडे पालटत होती.
चष्मा नव्हता, तरी आकडा वाचला;
आकडे तिला नेहमीच दिसतात.
म्हणाली, "माझा वाटा?"

मला हसू आलं. तिला नाही.
"होडीचा एक, जाळ्याचा एक,
तांडेलाचा दीड, खलाशांना एकेक.
लिहिण्यात कसं करतात?"

फोन भावाचा. पावत्या कारखान्याच्या,
पेनसुद्धा मालकाचं.
चेहरा, आवाज, शिव्या हिच्या.
माझं त्यात काय,
नुसतं मान खाली घालून बसणं?

टपरीवर दोन चहा सांगितले. वीस झाले.
वरचे तीन तिने कमरेच्या पिशवीतून काढले,
ओले, एकाला खवला चिकटलेला.
"वाच बघू."

वाचत गेले. 'समुद्राकडे बघत ती बसते' इथे
तिने हात वर केला.
"पाठ असते माझी दर्याकडे.
तोंड गिऱ्हाइकाकडे.
परत लिही.
आणि या खेपेला
भाव आधी ठरव."