दोन बोटं

गावाचं नाव लिहायचं स्लेथवेट, म्हणायचं स्लॉइट.
घरही तसंच निघालं,
नकाशात एक, आत दुसरंच.

क्लिफर्ड हेगनं भिंतीवर टिचक्या मारल्या,
कलिंगड घेताना मारतो तशा,
आणि म्हणाला, "हिच्यावर भार आहे.
वरची अख्खी खोली हिच्या डोक्यावर बसलीये."
मग लोखंडी टेकू आले, गंजके, अकरा.
तीन आठवडे आम्ही त्यांच्यातून वाट काढत जेवलो.
वरणभातावर चुना, उशीवर चुना,
श्रीरंगच्या भुवयांत चुना;
एका संध्याकाळी तो अचानक म्हातारा दिसला.
मी हसले नाही.

गिलाव्यात घोड्याचे केस होते.
दगड बाहेरून काळेकुट्ट,
हे आतले मात्र मधाच्या रंगाचे.
गिरण्यांचा धूर त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

चौथ्या दिवशी भिंतीत चौकट सापडली.
वर सलग दगड, आमच्याकडे जिला गणेशपट्टी म्हणतात ती,
गणपतीशिवायची.
खाली उंबरठा, मधोमध खोलगट,
पुष्कळ पायांनी झिजलेला.
म्हणजे दार होतंच. कुणीतरी बुजवलं.
का?
क्लिफर्डनं खांदे उडवले. "भाऊ असतील. नाहीतर भाडेकरू."
या टोकाला एक धुराडं, त्या टोकाला एक.
वेगळी चूल मांडली, एवढंच मला म्हणायचं होतं.
इंग्रजीत त्याचं नुसतं स्वयंपाकघर झालं असतं.
मी त्याला चहा दिला.

शनिवारी पोलादी तुळई चढवली सात जणांनी.
आठवी शेजारची मॉरीन, सूचना द्यायला.

भिंत गेली, पण दोन खोल्यांची जमीन जुळेना.
दोन बोटांचा फरक.
"भरून देतो," क्लिफर्ड म्हणाला, "अर्ध्या दिवसाचं काम."
श्रीरंग म्हणाला, द्या.
मी म्हटलं, राहू दे.
का म्हटलं, ते त्यानं विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तर मलाही
त्या खोलगट दगडापलीकडे काही दाखवता आलं नसतं.
तेव्हापासून दोनदा ठेचकाळलेय, एकदा पोह्यांसकट.

आता तो ओट्यापाशी, मी खिडकीपाशी,
मध्ये काही नाही, फक्त उजेड
आणि पुसून न संपणारी धूळ.
तरी तो भिंत असल्यासारखा ओरडतो,
"चहा घेणार?"
आणि मीही, तेवढ्याच मोठ्यानं,
"अर्धा कप!"