बावीस मिनिटं

मी चार तारे दिले होते.
पाचवा हातचा राखला, सवयीने.

लिहिलं होतं: नवे क्विगली जुन्यांपेक्षा खरे आहेत.
हशाची टेप काढून टाकली, बरं झालं.
आता स्वयंपाकघरात कुणी लागट बोललं
की मागून फ्रिजची घरघर ऐकू येते.
भांडण एका भागात मिटत नाही,
पाचव्या भागातही बाप गॅरेजमध्येच झोपतो.
"प्रामाणिक" हा शब्द मी तीनदा वापरला.
संपादक ग्रेटाने त्यातले दोन खोडले.

मग विनिपेग खवळलं.
उणे एकतीस तापमान,
गाड्या रात्रभर विजेच्या वायरीला बांधलेल्या,
माणसांना घरी बसून दुसरा उद्योग काय?
ट्रान्सकोनाच्या एक बाई म्हणाल्या, जिना डावीकडे होता.
तेहतीस वर्षं माझ्या डोक्यात तो डावीकडेच आहे.
सेल्कर्कच्या प्लंबरने कळवलं,
नव्या सिंकखाली पाइपच नाही, पाणी जातं कुठे?
कुणी म्हणालं, शिळ्या कढीला ऊत.
कुणी म्हणालं, कढी कसली, नुसतं पातेलं तापवलंय.
सतरा वर्षांच्या एका मुलीला जुनीच मालिका खोटी वाटली:
त्या घरात कुणी कधी बाथरूमला जात नाही.

मी या सगळ्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला.
जिनेवाल्या बाईंना त्यात जरा जास्तच जागा दिली.

मंगळवारी लॉर्न ह्रिट्सॅकचा फोन आला.
बस चालवतो, जेवणाच्या सुट्टीत बोलत होता.
चिडला नव्हता. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

म्हणाला, मी सहा घरांत वाढलो, बाई.
सरकार नेऊन सोडायचं, सरकारच परत न्यायचं,
सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत.
साखर कुठल्या डब्यात ते कळेपर्यंत
निघायची वेळ.
फक्त गुरुवारी साडेसातला
जिना डावीकडे असायचा.

तिथे पोरगं काच फोडायचं, बाप ओरडायचा, दार आपटायचं,
आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो.
बाविसाव्या मिनिटाला बाप जिना चढणार,
पलंगाच्या कडेला टेकणार,
त्याला जागा व्हावी म्हणून पोरगं पाय आखडून घेणार.
मी पण घ्यायचो, रात्री, अंथरुणात.
कुणी आलं नाही, ते सोडा.
पण माझ्या पोरीने ट्रकचा आरसा फोडला
त्या दिवशी मी घसा फुटेस्तोवर ओरडलो, आणि मग
वर जायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं.

आणि ती हसणारी माणसं.
खोटी असतील.
ती हसली की कळायचं, आता कुणी मारणार नाही.

मी विचारलं, नवी बघितलीत?

"तीन भाग. छान आहे.
तुम्ही लिहिलंय तशीच, अगदी खरी.
त्या खऱ्यात मी राहून आलोय."

मग कुणीतरी त्याला हाक मारली,
आणि तो "बरंय" म्हणाला.

चार तारे तसेच आहेत. मालिका चांगलीच आहे,
लॉर्नच्या दुःखाने तिचं छायाचित्रण बिघडत नाही.
हे मी मलाच दोनदा सांगितलं, भांडी विसळताना.

एमिलचं दार रविवारपासून बंद.
कारण आता दोघांनाही नीट आठवत नाही,
काहीतरी गाडीच्या किल्लीवरून.
आमचं घर एकमजली. चढायला काही नाही.
पॅसेजमधून अकरा पावलं,
शेवटचं जरा लहान.

टकटक केलं.
"काय?" आतून.
पुढचं वाक्य मला येईना.
म्हटलं, "जुन्या क्विगलींचा जिना
कुठल्या बाजूला होता रे?"

बराच वेळ काही नाही.
मग कुलूप सरकल्याचा आवाज.

"कुठला जिना?"