सव्वीस मिलिमीटर

घाटंजीच्या अलीकडे, जिनिंगच्या दिव्यांकडे पाठ करून
शाळेच्या स्लॅबवर दोन दुर्बिणी उभ्या आहेत.
एक विकतची, चारशेची, पांढरी,
वॉरंटी कार्ड अजून खोक्यात.
दुसरी बोबडे सरांची:
पीव्हीसीचा पाइप, आठ इंची आरसा,
जो त्यांनी तीन उन्हाळे घासला
पाण्याच्या ड्रमाभोवती फेऱ्या मारत.
नळीवर ऑइलपेंटनं, त्यांच्याच अक्षरात: १२००.

लॅपटॉप एकच. कॅमेरा एकच.
म्हणून ही सगळी कटकट.

दहा सेकंदांचा फोटो काढायचा
आणि सॉफ्टवेअरला विचारायचं, आपण कुठं पाहतोय?
ते चार-चार ठिपक्यांच्या जुड्या बांधतं,
जुडीचा आकार यादीत धुंडाळतं,
तलाठ्यानं नकाशात
चार धुऱ्यांवरून वावर ओळखावं तसं.
पण आधी त्याला पट्टी सांगावी लागते:
छोटीतून एका पिक्सेलात जवळपास दोन विकला,
मोठीतून पाऊणही नाही.
एकीची पट्टी दुसरीला लावली
की सगळं आभाळ परकं.

बारीक ताऱ्यांची यादी इथल्या नेटवर उतरेना.
प्रफुल बोरकुटेनं ती यवतमाळहून आणली,
पेनड्राइव्हवर, एसटीत,
वरच्या खिशात, फुटाण्यांच्या पुडीसोबत.

तरी नाही जुळलं.
नाही जुळलं.
अकरा वेळा नाही जुळलं.
बोटं गारठली, आरशावर
कुठूनसा कापसाचा एक धागा येऊन बसला.
खालून झिबल कुमरेनं बॅटरी मारली:
“काहून व मॅडम, हारपलं का काही?”
“हो. आम्हीच.”
तो जिना चढून आला, घोंगडं सावरत वर बघितलं.
“थे काय तिफन. बाज अजून निंघाची हाय,
चोर झोपले असतीन.”
आणि बॅटरीचा झोत
नेमका माझ्या स्क्रीनवर पाडून उभा राहिला.
त्या उजेडातच दिसलं,
मोठ्या दुर्बिणीला मी छोटीचं प्रोफाइल लावलंय.
चारशे.
प्रफुल हसला नाही, हे त्याचे उपकार.

यादीतून ‘बोबडे सर’ निवडलं. बाराशे.
सहा सेकंद.
हिरवी ओळ: तिफनीच्या खालचा तो धुरकट डाग,
दीड अंश डावीकडे.
आणि त्याखाली, कुणी न विचारता,
बारीक अक्षरांत:
प्रत्यक्ष केंद्रांतर ११७४.

पुन्हा काढला फोटो. रोहिणीकडे वळवून पुन्हा. ११७४.
प्रफुल म्हणाला, “सरांचं चुकलं वाटते.”

मी नववीत होते.
मैदानात भर दुपारी सरांनी आरशात सूर्य धरला,
मी पुठ्ठा पुढे-मागे करत उभी,
ठिपका टाचणीएवढा झाला तेव्हा ओरडले,
आणि पुठ्ठ्यावर टेपचं टोक दाबून धरलं.
शिवणवर्गातली टेप.
तिचं पहिलं इंच फाटलेलं होतं.
मला माहीत होतं. आम्हा सगळ्या मुलींना माहीत होतं,
झंपर शिवताना आम्ही एक इंच वजा करायचो.
सरांनी आरशाकडचा आकडा वाचला, “बाराशे! बरोब्बर बाराशे!”
आणि इतके खूश झाले
की मी टोकावरचं बोट काढलंच नाही.

पुढं दरवर्षी सांगायचं होतं.

“खोडून नीट लिहू का?” प्रफुलनं विचारलं,
“रंग आहे प्रयोगशाळेत.”
राहू दे म्हटलं.
प्रोफाइलमध्ये ११७४ टाकलं, सेव्ह केलं,
नाव तेच ठेवलं.
आता दोन्ही दुर्बिणींना आपापली पट्टी आहे,
कॅमेरा बदलताना फक्त यादीतून निवडायचं,
आणि मी ते वहीत लिहूनही ठेवलंय, ठळक,
पुढच्या बॅचच्या पोरींसाठी.
टेपबद्दल नाही लिहिलं.

साडेअकराला झिबल परत हाक मारतो:
“मॅडम, बाज निंघाली व!”
मोठी दुर्बीण तिकडे वळते, करकरत,
पाइपात सरांनी ठोकलेला एक खिळा अजून सैल आहे.