पिवळ्या काठ्या

सव्वातीनला अंधार पडला. डिसेंबरात इथे पडतोच.
कारखान्याचा भोंगा झाला, हातमोजे उलटे करून टांगले,
हात दोनदा धुतले; कॉडचा वास तरी माझ्याबरोबर गाडीत बसला.
आणि लेशेक बसला, कारण त्याची बस आलीच नव्हती.

तो पोलंडचा, मी याच फियॉर्डची.
दोन वर्षं पट्ट्याच्या पलीकडे उभा असतो.
तो मुंडकी उडवतो, मी काटे काढते.
आमच्यात आजवर झालेलं संभाषण:
सुरी. बर्फ. सुटी. बरं.

घाटाच्या पायथ्याशी पाटी लुकलुकत होती,
वारा, सेकंदाला चोवीस मीटर.
चोवीसला म्हातारे म्हणतात, "बघ बाई."
त्यापुढे पाटीच म्हणते, "बंद."
मी बघितलं. आणि निघाले.
घरी कुत्री व्यायला टेकली होती, हे एक कारण.
दुसरं, इथे जन्मलेल्या बाईने घाटाला भिऊ नये
असं कोणीतरी कधीतरी ठरवलंय.

वरच्या वळणाला रस्ता संपला.
दिव्यांचा उजेड दोन हातांवर जाऊन थांबला, भिंतीला नाक लावून.
वारा दाराशी खांदा देऊन गाडी दरीकडे सरकवत होता,
घर बदलताना कपाट सरकवतात तशी, थोडी थोडी.

फोन. बहीण, सिग्नी.
"घाट बंद केलाय, निघू नकोस."
मी म्हटलं, "बरं."

रस्त्याच्या कडेला पन्नास-पन्नास मीटरवर पिवळ्या काठ्या असतात,
टोकाला चकाकती पट्टी. बाकी काही नाही.
एक दिसली. पुढची दिसेना.
लेशेकने टोपी कानांखाली ओढली,
कामाचा नारिंगी एप्रन कोटावरून बांधला,
म्हणाला, "मी काठी. तू गाडी."
त्याने दार उघडलं, ते उडता उडता राहिलं.

मग तो पुढे, वाकलेला, बुटाने डांबर चाचपत,
मी खिडकी खाली करून, क्लचवर पाय थरथरत,
नारिंगी ठिपक्यामागे.
काठी सापडली की तिला मिठी मारायचा आणि ओरडायचा,
येदेन. द्वा. त्शी.
मी माझ्या भाषेत मोजत होते.
सातनंतर आमचं जुळेना.

अकरावीपुढे ठिपका गेला.

हॉर्न.
हॉर्न.
वारा तो जागच्या जागी गिळत होता.
मी बापाला शिव्या दिल्या,
त्याने मला हा रस्ता शिकवला आणि बजावलं,
गाडी सोडायची नाही, काय वाटेल ते होवो.
गाडी सोडली.
ओढायचा दोर आकड्यात अडकवला, दुसरं टोक कमरेला,
आणि डोळे मिटूनच चालले, उघडून उपयोग नव्हता.
दोर ताणला जायच्या आत बुटाला काहीतरी मऊ लागलं.

काठीला टेकून बसला होता.
"पाच मिनिटं," म्हणाला. "छान आहे इथे."
मी थोबाडीत दिली. मग दुसरी.
पंजाला कॉडचा वास; मला वाटतं,
त्या वासानेच तो कामावर असल्यासारखा उठला.

नंतर मी पुढे, तो चाकावर. नंतर परत तो.
दोन तास चाळीस मिनिटं.
मग वारा डोंगराआड राहिला आणि खाली एक दिवा दिसला.

ओद्नी म्हातारीने न विचारता दार उघडलं,
न विचारता मटणाचं सूप वाढलं,
आणि मग विचारलं, "वेडे आहात का?"
लेशेकला तो शब्द येत होता. "हो," म्हणाला.
रात्री सिग्नीचा फोन, सहा पिल्लं. एक गेलं.

शुक्रवारी ऊन पडलं. म्हणजे इथलं ऊन,
क्षितिजावर कोपर टेकून दोन तास बसलेलं.
कामावर जाताना काठ्या मोजल्या. एकतीस.
रेडिओवर गाद्यांची जाहिरात लागली होती,
ती संपायच्या आत सगळ्या मागे पडल्या.
अकरावीपाशी थांबावंसं वाटलं,
पण मागे ट्रक होता.

पट्ट्यापलीकडे लेशेक, कानांच्या पाळ्या काळ्या पडलेल्या.
मी म्हटलं, "एकतीस."
तो म्हणाला, "तीस."
आणि भोंगा होईपर्यंत आम्ही त्यावरून भांडलो.