सव्वादोनशे मिलिलिटर

एकतीस वर्षं भोसरीत
बोअरच्या पंपांच्या मोटरी भरल्या मी.
चार इंची, सहा इंची.
तांब्याच्या तारेचे वेढे मोजायची खोड
बोटांना अजून आहे,
चहात साखर ढवळतानाही मोजतो.

त्या मोटरी खाली जायच्या. दोनशे फूट, चारशे,
कोरड्या मुलखात आठशे.
गेली ती गेली.
वर आली म्हणजे जळाली:
करपलेल्या वार्निशचा वास, अंगाला शाडूसारखा चिखल,
आणि वॉरंटीचा कागद घडी न मोडता धरून
दारात उभा असलेला कुणीतरी.
चांगली भरलेली मोटर
मला पुन्हा कधी दिसलीच नाही.

आता वारज्यात, जिन्याखालच्या खोलीत,
नव्वद मिलिमीटरच्या पाइपात पाणबुडी बांधतोय.
शेजारी विचारतात, कॅमेरा आहे का?
किती खर्च आला? नातवासाठी का?
बुडते कशी, हे कुणी विचारत नाही.

तर ऐका. बुडायला अक्कल लागत नाही.
अक्कल लागते ती अध्येमध्ये थांबायला.
पोटात टायरवाल्याकडची शिशाची वजनं,
एकेक ग्रॅम इकडून तिकडे, बादलीत, मग पिंपात,
नाक वर, नाक खाली, पुन्हा नाक वर,
मुलीचं बाशिंग बांधतानाही एवढं पाहिलं नव्हतं.
मध्ये पितळी नळकांडं, व्यास साठ, चाल ऐंशी:
दट्ट्या मागे सरला की सव्वादोनशे मिलिलिटर पाणी आत,
पुढे सरला की बाहेर.
आट्याच्या एका फेऱ्याला एक मिलिमीटर.
ऐंशी फेरे. बस्स, एवढंच तिचं आयुष्य.

वरच्या मजल्यावरची रेश्मा तांबोळी डिप्लोमाला आहे.
ती म्हणाली, काका, हा नवा रिमोट फेका,
याची लहर पाण्यात वीतभर जात नाही.
बुधवारी जुन्या बाजारात गेलो,
चाळीस मेगाहर्ट्झचा एक म्हातारा सेट मिळाला,
अँटेना ओढली तर माझ्याहून उंच.
विकणारा म्हणाला, चालू आहे की नाही देवाला ठाऊक.
म्हटलं, देवाचे वीस रुपये कमी कर.

रेश्मानं चकतीएवढ्या सर्किटला शिकवलं:
हाक तीन सेकंद ऐकू आली नाही, तर कुणाची वाट पाहू नको.
पाणी टाक. वर ये.
त्या मोटरीला बॅटरी निराळी,
बाकी सगळं मेलं तरी ती जागी.

रविवारी वाघोलीची खाण. पाणी हिरवं, काठ कातळाचा.
पाणबुडी गेली. आधी पाठ, मग शिडाएवढा बुरूज,
मग नुसता एक बुडबुडा, तोही खोटा वाटावा असा.
रेश्मा म्हणाली, आता रिमोट बंद करा.
मी केला नाही.
तिनं माझ्या हातातून घेऊन केला.

एक. दोन. तीन.
मग मी फेरे मोजू लागलो.
दहाव्याला सुटायला हवी, ती पुटपुटली.
दहा झाले. वीस.
काठावर कपडे धुणारी बाई धोका थांबवून बघू लागली.
चाळीस. मला तो वास यायला लागला,
खरंच सांगतो, उघड्या हवेत, करपट.
पन्नास.
एकसष्टाव्याला पार पलीकडे, आम्ही बघत नव्हतो तिथे,
ती वर आली,
पंख्याला निर्माल्याची पिशवी गुंडाळलेली,
पिशवीत सुतळी, दोन नारळाच्या शेंड्या.

झाकण उघडून पहिल्यांदा नाक आत घातलं.
ग्रीस. रबर. बाकी काही नाही.
मोटर कोमट, अंथरुणातून उठलेल्या पोरासारखी.
वर आलेली, आणि चांगली.
तळवा तिच्यावर ठेवून बसलो असतो अजून,
पण रेश्मानं बोट आत फिरवून दाखवलं:
काका, चमचाभर पाणी आहे.
मागची ओ-रिंग.

मंगळवारी भवानी पेठेत जायला हवं. दोन मिलिमीटरची.
चार आणीन.